गाडी रिकामी आहे, हे आधी पाहा

शाळेत आपण सगळ्यांनी एकच देखावा काढलेला असतो. दोन डोंगर, मधून अर्धा उगवलेला सूर्य, खाली वळत येणारी निळी नदी, काठावर कौलारू घर आणि शेजारी एक नारळाचं झाड. मी दहिसरला वाढले. आमच्या वर्गाच्या खिडकीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसायची. वर्गातल्या चाळीस वह्यांत ती टाकी कुणीच काढली नाही. नदी तर आमच्याकडे खरीच होती. तुळशी तलावाकडून नॅशनल पार्कातून उतरणारी, पुढे मनोरीच्या खाडीला मिळणारी दहिसर नदी. तिच्या काठचे तबेले, कपडे धुणारी माणसं, वाहून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या हे सगळं आम्ही रोज बघायचो. तेही कुणाच्या वहीत आलं नाही. बाईंनी 'छान' असा शेरा दिला आणि विषय संपला.

हे आठवलं ते माझ्या चॅप्टरच्या मसुद्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या दोन शब्दांमुळे. पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुमच्यासारख्यांना त्या दोन शब्दांचा उपयोग होईल, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

चॅप्टर होता निसर्गचित्राच्या इतिहासावर. त्यात मी जॉन कॉन्स्टेबलच्या 'द हे वेन'बद्दल एक वाक्य ठोकून दिलं होतं: हे चित्र इंग्लंडच्या खेड्यांतलं शोषण लपवतं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. धारदार होतं, वाचणाऱ्याला बरोबर बाजूला उभं करणारं होतं. गाइडनी समासात लिहिलं, "कुठे? दाखव."

मला दाखवता येईना.

आधी चित्र

'वेन' म्हणजे जड सामानाची मोठी गाडी, 'हे' म्हणजे वाळवलेलं गवत. तेव्हा मराठीत 'गवताची गाडी' म्हणू. नाव ऐकून डोळ्यांपुढे काय आलं? गवताने शिगोशीग भरलेली गाडी. माझ्याही मनात तेच होतं, आणि चित्र मी दहा वर्षं कॅलेंडरांवर, पुस्तकांत, मोबाइलवर पाहत आले होते. गाडी रिकामी आहे. ती गवत भरायला निघाली आहे. हे मला गाइडच्या शेऱ्यानंतर दिसलं. म्हणजे ज्या चित्रात काय लपवलंय ते मी सांगत होते, त्यात उघड काय आहे तेच मी पाहिलं नव्हतं.

तर आता नीट पाहू. तैलरंग, कॅनव्हास, सुमारे १३० सेंटिमीटर उंच आणि १८५ सेंटिमीटर रुंद. चार बाय सहाच्या गादीपेक्षा थोडं मोठं. कॉन्स्टेबलने ते १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलं, तेव्हा शीर्षक होतं 'लँडस्केप: नून', म्हणजे निसर्गचित्र, दुपार. शीर्षकात गाडी नाही, गावही नाही, फक्त वेळ आहे. 'हे वेन' हे नाव मागाहून रूढ झालं. आज चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

डावीकडे पांढऱ्या भिंतींचं, लाल कौलांचं घर. ते विली लॉट नावाच्या कुळाने कसणाऱ्या शेतकऱ्याचं. घराशी, पाण्याच्या कडेला एक बाई वाकलेली. मध्यभागी उथळ पाण्यात गाडी, तिच्यात दोन माणसं, घोड्यांच्या साजावर लाल रंग. अलीकडच्या काठावर एक कुत्रा गाडीकडे पाहतोय. उजवीकडे झुडपांआड एक मासे धरणारा आणि त्याची होडी. आणि अगदी मागे, उन्हाने उजळलेल्या कुरणात, पांढरे ठिपके. मोबाइलवर हे ठिपके दिसतच नाहीत. गॅलरीच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा उघडून वाढवत नेलं की कळतं: ती गवत कापणारी माणसं आहेत. गाडी त्यांच्याकडेच निघाली आहे.

वर आकाश. चित्राचा मोठा भाग ढगांनी घेतला आहे आणि खालची सगळी उजेड-सावली त्या ढगांच्या हिशेबाने पडली आहे. पाण्यावर, पानांवर पांढऱ्या रंगाचे बारीक फटकारे आहेत. त्या काळच्या टीकाकारांनी कॉन्स्टेबलच्या या फटकाऱ्यांना 'बर्फ' म्हणून हिणवलं. पण ओल्या पानावर ऊन पडल्यावर ते क्षणभर हिरवं दिसत नाही, पांढरं चमकतं. पावसाने उघडीप दिल्यावर नॅशनल पार्कात जाऊन बघा. आणि या सगळ्या हिरव्यात घोड्यांच्या साजाचा लाल. बोटाने तो लाल झाकून पाहा, मधला भाग विझतो. एवढ्या मोठ्या चित्राचा तोल त्या चिमूटभर लालावर आहे.

हे सगळं फ्लॅटफर्डचं, सफोक आणि एसेक्सच्या सीमेवरून वाहणाऱ्या स्टाउर नदीकाठचं. पण चित्र तिथे रंगवलेलं नाही. कॉन्स्टेबल तेव्हा लंडनला राहत होता. वर्षानुवर्षं जमवलेल्या स्केचवरून त्याने ते स्टुडिओत उभं केलं. गाडीचा तपशील नक्की आठवेना, तेव्हा गावाकडच्या ओळखीतल्या जॉन डन्थॉर्न या तरुणाकडून गाडीची रेखाटनं मागवून घेतली. म्हणजे ही दुपार कुठल्या एका दुपारची नाही. आठवणीतून, वहीतून आणि टपालाने आलेल्या कागदांतून जुळवलेली दुपार आहे.

माझं वाक्य आलं कुठून

प्रामाणिकपणे सांगायचं तर उसनं होतं. जॉन बॅरेल यांचं 'द डार्क साइड ऑफ द लँडस्केप' हे पुस्तक १९८० मध्ये आलं. १७३० ते १८४० या काळातल्या इंग्रजी चित्रांत खेड्यातले गरीब कसे दाखवले गेले, हा त्याचा विषय. कॉन्स्टेबलबद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की त्याची कष्टकरी माणसं लहान होत जातात, दूर जातात, निसर्गात मिसळून जातात, आणि चित्रातली शांतता या अंतरावर टिकून असते. पुढे १९८६ मध्ये अ‍ॅन बर्मिंगहॅम यांनी 'लँडस्केप अँड आयडिऑलॉजी'मध्ये हा धागा आणखी ताणला. दोन्ही पुस्तकं वाचाच.

पण फरक बघा. बॅरेल 'अंतर' म्हणतात. मी 'लपवतं' लिहिलं. अंतर मोजून दाखवता येतं. लपवण्यासाठी कुणाचा तरी हेतू लागतो, आणि हेतूचा पुरावा माझ्याकडे नव्हता. दुसऱ्याच्या पुस्तकातला निष्कर्ष उचलताना आपण त्याचं क्रियापद बदलतो आणि आपल्याला कळतही नाही. लिटरेचर रिव्ह्यूमधल्या निम्म्या चुका या क्रियापदांच्या असतात, असं आता माझं मत झालंय.

'नाही' म्हणण्याआधी तीन तपासण्या

चित्रात, कादंबरीत, दप्तरात, जनगणनेत एखादी गोष्ट नाही, यावर युक्तिवाद उभा करणं आपल्याला फार आवडतं. स्त्रिया नाहीत, दलित नाहीत, मजूर नाहीत. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण 'नाही' हा पुरावा आपोआप होत नाही, त्याला कमवावं लागतं. मी माझ्या वाक्यावर तीन तपासण्या करून पाहिल्या.

पहिली: खरंच नाही का? मजूर नाहीत असं मला वाटत होतं. आहेत. कुरणात आहेत, गाडीत आहेत. पाण्याशी वाकलेली बाईसुद्धा काही हवा खात उभी नाही, काम करतेय. चित्रात श्रम आहेत. थकवा नाही, घाम नाही, आणि चेहरे नाहीत. 'श्रम नाहीत' आणि 'श्रमाचा चेहरा नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दुसरं कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

दुसरी: तारखा जुळतात का? मी मजुरांच्या असंतोषाचा हवाला दिला होता. कॉन्स्टेबलचा धाकटा भाऊ अब्रम याच्या पत्रांतून कळतं की त्या भागात जवळपास रोज रात्री कुठे ना कुठे आगी लागलेल्या दिसत. पुरावा भक्कम आहे, फक्त तो १८२२ चा आहे. चित्र १८२१ चं. पुढच्या वर्षीच्या आगी आधीच्या वर्षीच्या चित्रात लपवता येत नाहीत! पूर्व इंग्लंडमध्ये १८१६ मध्येही दंगे झाले होते, तो हवाला चालला असता. मी तो दिला नव्हता, कारण तो मला माहीत नव्हता. 'साधारण त्याच सुमारास' हे शब्द आपल्या लिखाणात दिसले की थांबा आणि वर्ष शोधा.

तिसरी, आणि सगळ्यात कठीण: ती गोष्ट तिथे असू शकली असती, हे दाखवता येतं का? नसणं तेव्हाच बोलतं, जेव्हा असण्याची शक्यता सिद्ध होते. इथे नशिबाने आपल्याला साधन मिळतं. कॉन्स्टेबल मोठ्या चित्रासाठी आधी त्याच मापाचं तैलरंगातलं स्केच करत असे. 'हे वेन'चं तसं पूर्ण मापाचं स्केच लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवा. स्केचमध्ये अलीकडच्या काठावर, कुत्र्याजवळ, घोड्यावर बसलेला एक जण आहे. अंतिम चित्रात तो नाही. त्याच्या जागी कॉन्स्टेबलने आधी एक पिंप रंगवलं, मग तेही रंगाखाली घालवलं. उरला फक्त कुत्रा.

आता माझ्या हातात काहीतरी आलं. आपल्या सर्वांत जवळ असलेला माणूस चित्रकाराने काढून टाकला, आणि त्यामुळे उरलेलं प्रत्येक माणूस आपल्यापासून निदान पाण्याच्या पल्याड गेलं. हे मी दाखवू शकते. त्याने असं का केलं, हे मात्र पुन्हा वेगळं. कदाचित नजर थेट गाडीवर जावी म्हणून केलं असेल, रचनेसाठी. परिणाम मात्र तोच राहतो: जवळ कुणी नाही. मी वाक्य बदललं: अंतिम चित्रात एकही माणूस बोलावल्यावर चेहरा ओळखू येईल इतका जवळ नाही, आणि स्केच पाहता हे अंतर ठरवून आणलेलं आहे. धार कमी झाली. पण आता कुणी "कुठे?" विचारलं, तर बोट ठेवता येतं.

मालक कुठे आहे?

तपासण्या करताना एक प्रश्न असा निघाला जो मी आधी विचारलाच नव्हता. मी मजूर शोधत होते आणि तो सापडला. सापडत नव्हता तो मालक.

गेन्सबरोचं अठराव्या शतकाच्या मध्यावरचं 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज' तुम्ही पाहिलं असेल. जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये 'वेज ऑफ सीइंग'मध्ये त्याची चिरफाड केली, त्यामुळे ते प्रत्येक पाठ्यक्रमात असतं. तिथे जमीनदार जोडपं एका बाजूला ऐटीत आहे, मागे त्यांची शेती, आणि कसणारा एकही माणूस नाही. 'हे वेन'मध्ये बरोबर उलटं आहे. काम करणारे आहेत, मालकाचा पत्ता नाही.

हे दृश्य दिसतं ते फ्लॅटफर्डच्या गिरणीसमोरून. ती गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांकडे होती. ते धान्याचे व्यापारी होते. १८१६ मध्ये ते वारले आणि धंदा अब्रम पाहू लागला. म्हणजे चित्र पाहताना तुम्ही-आम्ही जिथे उभे आहोत, ती गिरणीवाल्यांच्या पोराची जागा आहे. मालक चित्राच्या चौकटीत दिसत नाही, कारण चौकट त्याच्या डोळ्यांची आहे. माझ्या मते या चित्राची खरी गोम इथे आहे. त्याची माया खोटी नाही. लहानपणी ज्या पाण्यात खेळलो ते पाणी कसं चमकतं, हे त्याला इतकं अचूक माहीत आहे की दोनशे वर्षांनी आपलेही डोळे निवतात. आणि ही माया ज्या जागेवरून करता येते, ती जागा मालकीची आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी रद्द होत नाही.

चित्राचं मोठेपणही सांगायला हवं, नाहीतर टीका म्हणजे फक्त पंचनामा होतो. एवढा मोठा कॅनव्हास त्या काळी इतिहास-पुराणातल्या प्रसंगांचा मान समजला जाई. कॉन्स्टेबलने तो घराजवळच्या उथळ पाण्याला, एका रिकाम्या गाडीला आणि कुत्र्याला दिला. देव नाहीत, भग्न मंदिरं नाहीत, वीर नाहीत. लंडनमध्ये ते विकलं गेलं नाही. १८२४ मध्ये पॅरिसच्या सलोंमध्ये गेलं आणि तिथे त्याला सुवर्णपदक मिळालं. साध्या जागेला एवढं माप देणं हे धाडस होतं, आणि त्याचं श्रेय देऊनच पुढचा प्रश्न विचारायचा.

कोल्हापूरला जाताना सावध

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडच्या गाडीचं आम्हाला काय? कारण हीच चूक आपण आपल्या चित्रकारांबाबत करतो. कोल्हापूरचे आबालाल रहिमान घ्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि कोटितीर्थाच्या काठावर राहून तेच पाणी, तेच काठ निरनिराळ्या प्रहरी रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. एका छोट्या पाणवठ्यावर आयुष्य लावणं, हे कॉन्स्टेबलशी साम्य लगेच डोळ्यांत भरतं. मग हात शिवशिवतात: आबालाल यांच्या निसर्गचित्रांत अमुक दिसत नाही, तमुक येत नाही, कारण शिक्षण साहेबी होतं.

थांबा. कॉन्स्टेबलची शेकडो स्केचेस टिकली. त्याची मुलगी इझाबेल हिने १८८८ मध्ये मोठा साठा त्याच म्युझियमला दिला. म्हणून तिथे 'होतं आणि काढलं' असं म्हणता येतं. आबालाल यांची गोष्ट वेगळी आहे. १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगितलं जातं. ही आख्यायिका म्हणूनच वाचायची. पण जिथे चित्रांच्या नाशाची आख्यायिका तयार होते, तिथे 'त्यांनी कधी काढलंच नाही' हे वाक्य लिहिताना पेन जड व्हायला हवं. जे उरलं ते म्हणजे सगळं नव्हे. नसण्यावर युक्तिवाद करण्याचा हक्क संग्रह किती टिकलाय यावर ठरतो, आणि आपल्याकडे तो फार कमी ठिकाणी मिळतो. इंग्रजी पुस्तकातली पद्धत उचलताना त्या पद्धतीमागचा साठाही आपल्याकडे आहे का, हे पाहावं लागतं.

पुलावरचा फोटो

शेवटी माझीच उलटतपासणी. गेल्या पावसाळ्यात नदीला छान पाणी आलं होतं. २६ जुलै २००५ ला याच नदीने काय केलं ते आमच्या घरात अजून निघतं, तेव्हा मी शाळेत होते. पण त्या दिवशी ती नुसती सुंदर दिसत होती. मी पुलावर थांबून फोटो काढला आणि 'आमचं गाव' असं लिहून स्टेटसला ठेवला. भरपूर लाइक आले.

चॅप्टर दुरुस्त करताना तो फोटो मी पुन्हा उघडला. गॅलरीत त्याच्या आधीचे चार फोटो होते. पहिल्यात उजवीकडची काँक्रीटची संरक्षक भिंत आणि काठावर कपडे आपटणारी एक बाई. दुसऱ्यात भिंत अर्धी. तिसऱ्यात तबेल्याकडे चाऱ्याचा टेम्पो वळतोय. चौथ्यात बाई फ्रेमच्या कडेला. पाचवा, म्हणजे स्टेटसवाला: पाणी, झाडं, ढग. हे चार फोटो म्हणजे माझं पूर्ण मापाचं स्केच. मी काही लपवायला निघाले नव्हते. फक्त दर वेळी दोन पावलं डावीकडे सरकत गेले. ती बाई मात्र तिथेच होती, आणि तिच्या दृष्टीने पुलावर उभी राहून मोबाइल धरलेली मी दिसत असणार.

कॉन्स्टेबलवर 'लपवतं' हे क्रियापद फेकताना मला हे आठवलं असतं, तर मी आधीच 'अंतर' लिहिलं असतं.

तर आता तुमच्यासाठी काम. एक निसर्गचित्र निवडा. जमलं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा संग्रहातून आलेल्या युरोपियन चित्रांच्या दालनात जा, म्हणजे तैलरंगाचा जाडपणा आणि चित्राचं माप डोळ्यांनी कळेल. अर्धा तास फक्त काय आहे ते लिहा, एकही विशेषण न वापरता. मग काय नाही त्याची यादी करा, आणि प्रत्येक 'नाही'समोर तिन्ही उत्तरं लिहा: खरंच नाही का, तारीख काय, आणि असू शकलं असतं हे कशावरून. उत्तर नसेल तर ती ओळ खोडा. माझ्या पहिल्या यादीत अकरा ओळी होत्या, दोन उरल्या. चॅप्टर त्या दोनवर उभा आहे. परवा गाइडना दिला, तर समासात एकच शब्द होता: "पुढे."